पानगळीतली पिवळी डिस्क

जर्मनीतल्या लाउटर्नच्या जंगलात पानगळ सुरू झाली की डिस्क-गोल्फ खेळणारी माणसं आपल्या डिस्कचे रंग बदलतात. उन्हाळाभर पिशवीत मिरवलेल्या पिवळ्या, नारिंगी, तांबड्या डिस्क घरी राहतात आणि निळ्या, जांभळ्या, भडक गुलाबी बाहेर निघतात. कारण साधं आहे. ऑक्टोबरात इथली जमीनच पिवळी-तांबडी होते. तिच्यावर पिवळी डिस्क पडली की ती डिस्क राहत नाही, पान होते.

परवाच्या रविवारी सकाळी मी बागेत गेलो तेव्हा या वर्षीची पहिली पानं पायाखाली वाजली. फार नव्हती. पण तो आवाज आला की मी खाली बघत चालायला लागतो, आणि थेट पहिलं बर्फ पडेपर्यंत तसाच चालतो. आठ वर्षांपूर्वी अशाच दिवसांत माझ्या मुलीच्या, सईच्या हातात पिवळी डिस्क होती. ती अकरा वर्षांची होती.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. जेवणाच्या ताटलीएवढी, कडेला धार दिलेली प्लास्टिकची चकती असते. ती झाडांमधून फेकत फेकत पुढे न्यायची आणि शेवटी लोखंडी खांबावरच्या टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. चकती त्यांच्यावर आपटते आणि खाली पडते. कमी फेकींत जो पोचेल तो जिंकला. एका टोपलीपर्यंतच्या वाटेला इथे ‘बान’ म्हणतात. आमच्या बागेत अशा नऊ बान आहेत. बाग म्हटलं तरी फुलांचे वाफे आणि बाकडी पहिल्या शंभर पावलांपुरती. पुढे लाल दगडाची टेकडी आणि बूखं नावाची उंच, गुळगुळीत खोडांची झाडं. फाटक नाही, तिकीट नाही. कुणीही यावं, एकट्याने खेळावं. एकट्याने खेळता येतं याचं मला पूर्वी कौतुक वाटायचं.

साखळ्यांचा तो खळ्ळ आवाज मला पहिल्याच दिवशी आवडला. चिंचवडच्या आमच्या घराच्या फाटकाला अशीच साखळी होती. वडील कारखान्यातून आले की ती वाजायची आणि आई गॅसवर चहा ठेवायची. पहिल्यांदा सईची डिस्क टोपलीत पडली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिने विचारलं, “मग आता चहा कोण करणार?” हे तिने जर्मनमध्ये विचारलं. सई सगळंच जर्मनमध्ये विचारायची. मी मराठीत बोलायचो, ती समजून घ्यायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. इथल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत हे असंच चालतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना गंमत वाटते. आपल्याला सवय होते.

तिच्या नावाचं इथे ‘झाई’ झालं होतं, आणि जर्मनमध्ये ‘झाई’ ही आज्ञा आहे: अमुक अशी राहा. ‘झाई श्टिल’ म्हणजे गप्प राहा. वर्गातली मुलं तिला तसंच चिडवायची. ती म्हणायची, “अर्धं नाव तुम्ही दोघांनी ठेवलंत, उरलेलं त्यांनी ठेवलं.” गप्प मात्र ती कधी राहिली नाही. निदान तोवर तरी.

उजव्या हाताने फेकलेली डिस्क वेग संपत आला की डावीकडे झुकते. सई डावखुरी, तिची उजवीकडे झुकायची. एकाच जागेवरून आम्ही फेकायचो आणि दोघं दोन बाजूंना जंगलात शिरायचो, आपापली डिस्क शोधत. मध्ये झाडं. ती दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. “बाबा, वो बिस्ट डू?” कुठे आहेस? मी म्हणायचो, “इथेच आहे गं.” थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. मग टोपलीपाशी दोघं बाहेर पडायचो, तिच्या केसांत काटक्या, माझ्या पँटला काटे. आता मी खेळतो तेव्हा उजवी बाजू अगदी शांत असते. कधी मुद्दाम तिकडे बघत नाही. कधी मुद्दाम बघतो.

त्या वर्षी बागेत डीटर नेहमी भेटायचा. निवृत्त सुतार, पायात चिखलाचे बूट, बरोबर एक म्हातारी कुत्री. सईच्या हातातली पिवळी डिस्क बघून तो थांबला.

“पिवळी? आत्ता? तू ती फेकणार आहेस की पेरणार आहेस?”

“मला पिवळीच आवडते,” सई म्हणाली.

“गेनाऊ, बरोबर. वसंतात उगवेल तेव्हा मला बोलव.”

मग त्याने डिस्क उलटी करून बघितली. इथे रीत अशी की डिस्कच्या पोटावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहायचा. ज्याला सापडेल तो फोन करतो. सईकडे फोन नव्हता म्हणून तिने माझा नंबर लिहिला होता, आणि वर देवनागरीतली दोन अक्षरं: सई.

“हे चित्र कसलं?”

“माझं नाव आहे.”

“पण हे कुणाला वाचता येणार? कळणार कसं कुणाची आहे?”

“वाचता आलं नाही की समजायचं, माझी.”

डीटर खूप हसला. मीही हसलो. त्याचं ऐकून मी तिला निळी डिस्क द्यायला हवी होती. माझ्या पिशवीत होती. पण त्या दिवशी माझं लक्ष दुसरीकडे होतं.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याच्याकडे मला यायचंच आहे आणि मी फिरून फिरून येतोय.

चिंचवडला आमच्याकडे सगळं उद्या-परवा व्हायचं. नळ दुरुस्त करणारा उद्या-परवा यायचा, मामा उद्या-परवा यायचे, गच्चीला डांबर उद्या-परवा लागायचं. कुणी कॅलेंडर बघत बसायचं नाही. उद्या-परवा म्हणजे नाही म्हणणं नव्हतं, हो म्हणणंही नव्हतं. समोरच्याचं मन राखून दार किलकिलं ठेवणं होतं. आम्हा सगळ्यांना ते कळायचं, म्हणून कुणाला राग यायचा नाही. आजही आई फोनवर विचारते, “कधी येतोस रे?” मी म्हणतो, “उद्या-परवा तिकीट बघतो,” आणि ती विषय बदलून मला हवामान विचारते.

सईला हे कळायला मार्ग नव्हता. तिच्यासाठी उद्या म्हणजे मॉर्गन आणि परवा म्हणजे युबरमॉर्गन. दोन दिवस, दोन्हींना नावं. रविवारी मी म्हणालो ‘उद्या-परवा पोहायला जाऊ’, तर ती सोमवारी पोहायची पिशवी भरायची, मंगळवारी टॉवेल पुन्हा घडी करून ठेवायची आणि बुधवारी माझ्याकडे बघायची. नुसती बघायची. नऊ वर्षांची असताना तिने त्या शब्दाला जर्मन व्याकरणात बसवून टाकलं. मी काही कबूल केलं की विचारायची, “बाबा, हे एश्टेस मॉर्गन आहे, की डास उद्यापरवा?” एश्टेस मॉर्गन, म्हणजे खराखुरा उद्या. आणि ‘डास’ हे जर्मनमधलं नपुंसकलिंगाचं उपपद. माझ्या कानाला तो आपला मराठी डासच ऐकू यायचा. चावायचाही.

एकदा सातव्या बानच्या उतारावर तिने मला आणखी पकडलं. आदल्या दिवशी मी कुणाला तरी फोनवर म्हणालो होतो, ‘परवा भेटलो होतो की.’

“परवा म्हणजे येणारा दिवस ना?”

“येणारा. आणि गेलेला पण.”

“दोन्ही?” ती थांबलीच. “मग तुम्हा लोकांना कळतं कसं?”

“शेवटच्या क्रियापदावरून. ‘परवा गेलो’, ‘परवा जाईन’.”

तिने थोडा विचार केला. “आणि कुणी वाक्य पुरं केलंच नाही तर?”

मी बहुधा ‘फेक आता’ म्हणालो असेन.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर सईची आई अनघा आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. कारणं सांगत बसत नाही. आरडाओरडा नव्हता, तिसरं माणूस नव्हतं; दोन माणसं एका घरात एकमेकांची वाट बघून थकली होती, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. अनघाला डार्मश्टाटला नोकरी मिळाली होती. सई तिच्याबरोबर जाणार होती, शाळा बदलणार होती. हे सगळं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, स्वयंपाकघराचं दार लावून, हळू आवाजात, भरभर मराठीत, सईला कळू नये अशा मराठीत. तिकडे घर शोधायलाही मीच अनघाबरोबर दोनदा जाऊन आलो होतो. उरलं होतं ते फक्त सईला सांगणं.

अनघा म्हणाली, “दोघं मिळून सांगू.”

“नको, मी सांगतो. डिस्क खेळायला जातो तेव्हा. तिथे ती मोकळी असते.”

“कधी?”

“उद्या-परवा.”

तिने माझ्याकडे बघितलं. “एश्टेस मॉर्गन?”

आणि आम्ही दोघं हसलो. नवरा-बायको म्हणून ते आमचं शेवटचं हसणं असावं.

तो रविवार मला बानसकट आठवतो. पहिल्या बानवर मी ठरवलं, तिसऱ्यावर सांगू. तिसऱ्यावर तिची डिस्क साखळीत पडली आणि ती नाचली. नाचणाऱ्या मुलीला कसं सांगायचं? पाचव्यावर एक कुटुंब पाठीमागून आलं, त्यांना पुढे जाऊ दिलं. सहाव्यावर मी तोंड उघडलं आणि “तहान लागली का?” असं विचारलं. जंगलात ओल्या पानांचा आणि कुठेतरी पेटवलेल्या लाकडाचा वास होता. ऊन तिरकं होतं. एवढी सुंदर दुपार मी नंतर या बागेत पाहिली नाही, हेही खरं आहे आणि लिहायला लाज वाटते.

सातवी बान उतरती आहे. खाली दरीसारखा खोलगट भाग, तिथे बूखंची पानं गुडघाभर साठतात. सईने डावा हात मागे नेला आणि तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली फेक केली. डिस्क वर गेली, उन्हात एकदा चमकली, आणि पडणाऱ्या पानांत पान होऊन उतरली.

आम्ही शोधायला लागलो. मी पायाने पानं उडवत बराच वेळ फिरलो. मग वर बघितलं तर ती कमरेवर हात ठेवून लांब उभी.

“बाबा, तू डावीकडे काय शोधतोयस? मी डावखुरी आहे. अकरा वर्षं झाली.”

मी उजवीकडे गेलो. तोवर उजेड उतरला होता. पानं चाळली, काटेरी झुडपांखाली हात घातला, डिस्क नाही. तिचे डोळे भरून यायला लागले होते. आणि मी म्हणालो, “चल आता. उद्या-परवा येऊन शोधू.”

“एश्ट?” खरंच?

“एश्ट.”

खरं सांगतो, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. डिस्क सापडली नाही म्हणजे पुन्हा यायला लागेल, आणि पुन्हा यायचं म्हणजे आज सांगायला नको.

शाळेला शरदातली सुट्टी होती. सोमवारी मी ऑफिसातून आलो तेव्हा काळोख पडला होता. सई दारातल्या बाकावर बूट घालून बसली होती. इथे घरात कुणी बूट घालत नाही, म्हणून तिने पायाखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. तीन वाजल्यापासून बसलीय, असं अनघाने सांगितलं. मी म्हणालो, “मीटिंग लांबली गं. उद्या नक्की. उद्या मी घरूनच काम करतोय.” ती बूट काढताना म्हणाली, “उद्या म्हणजे परवा ना? म्हणजे कालचा परवा. ठीक आहे. अजून एक दिवस आहे.”

मंगळवारी दुपारी पोस्टाची पत्रं आली.

आमच्या घरात जर्मन पत्रं वाचायचं काम सईचं होतं. अनघाची जर्मन बरी होती, पण ती दिवसभर बाहेर असायची, आणि मी तेरा वर्षं इथे राहूनही प्रोग्रॅमरच्या इंग्रजीवर जगत होतो. त्यामुळे विजेचं, विम्याचं, शाळेचं, सोसायटीचं, जे पाकीट येईल ते मी सईपुढे धरायचो: “बघ गं, काय म्हणतायत.” ती अंगठ्याने पाकीट फाडायची, खुर्चीत ताठ बसायची, “आल्झो”, म्हणजे ‘तर मग’, म्हणून घसा साफ करायची आणि अर्थ सांगायची. मराठीत. एवढ्या एका कामासाठी ती मराठी बोलायची, कारण मी तिला गंमत म्हणून सरकारी सुरुवात शिकवली होती: ‘आपणांस कळविण्यात आनंद होतो की’. ती प्रत्येक पत्र तशीच सुरू करायची. विजेचं बिल वाढल्याचंसुद्धा.

त्या दुपारी ती बूट घालून, डोक्यावर टोपी घालून तयार होती. मी वर आलो आणि पाकीट तिच्यापुढे धरलं. “एवढं बघ आणि निघू.”

“आल्झो. आपणांस कळविण्यात आनंद होतो की... घर आहे. तुम्हाला घर मिळालं, म्हणून ते खूश आहेत.” तिने वर बघितलं. “कुठलं घर?”

मी कोटाची बटणं लावत राहिलो.

“तीन खोल्या. एक जानेवारीपासून. डार्मश्टाट. किल्ल्या घ्यायला यायचं.” मग ती थांबली आणि बोटाने ओळ पुन्हा वाचली. “त्स्वाय पर्झोनन. दोन माणसं. बाबा, यांनी चुकीचं लिहिलंय. आपण तीन आहोत. यांना कळवायला पाहिजे.”

पुढच्या ओळीत नावं होती. अनघाचं आणि तिचं. तिने ती मोठ्याने वाचली नाहीत. कागद होता त्याच घड्यांवर दुमडला, पाकिटात घातला. खालून कुणाची तरी सायकल गेली. मग तिने मराठीतच विचारलं, हळू आवाजात, जसं आम्ही स्वयंपाकघरात बोलायचो तसं:

“तुलापण माहीत नव्हतं?”

आणि मी मान हलवली. नव्हतं.

तिने माझा हात धरला. अकरा वर्षांच्या मुलीने बाकावर माझ्याशेजारी बसून माझी समजूत काढली. मग उठली, बूट काढले आणि टोपी खुंटीला लावली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. अनघाला मी एवढंच म्हणालो की पत्र चुकून सईला दिलं गेलं. अनघा चिडून म्हणाली, “तुला जर्मन येत नाही हे मला माहीत आहे. डार्मश्टाट एवढंही वाचता येत नाही?” पण मला वाचता आलं होतं. पाकिटाला खिडकी होती आणि खिडकीतून एकट्या अनघाचं नाव दिसत होतं. वरच्या कोपऱ्यात डार्मश्टाट छापलेलं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो. पाकीट कोटाच्या खिशात घालता आलं असतं. मी ते हातातच ठेवलं आणि वर गेलो. माझ्याने होत नव्हतं ते काम मी पत्राला करू दिलं. आणि पत्र वाचायचं काम जिचं होतं, तिच्याकडूनच ते करून घेतलं.

ते एकवेळ भ्याडपण म्हणता येईल. मान हलवणं त्याहून वाईट होतं. कारण त्यानंतर सईने जे समजायचं ते समजून घेतलं: आईने दोघांपासून लपवून घर घेतलं, आणि बिचाऱ्या बाबालाही पत्रातूनच कळलं. अनघाला हे काही दिवसांनी कळलं, तेव्हा ती मला म्हणाली, “मी तिला सांगणार नाही. मी सांगितलं तर ते भांडण होईल. तुझं तू सांग.”

“सांगतो. उद्या-परवा सांगतो.”

या वेळी कुणी हसलं नाही.

त्या मंगळवारनंतर सई माझ्याशी मराठीत एक वाक्यही बोलली नाही. आईशीही नाही. पत्रं वाचणं तिने बंद केलं. अनघाला ती एकदा म्हणाली होती, जर्मनमध्ये जे असतं ते कागदावर असतं, मराठीत तुम्ही कुजबुजता. सुरुवातीला ती एकाआड एक शनिवारी यायची, माझ्यासाठी चित्रं आणायची. माझ्याशी फार मऊ वागायची, आजारी माणसाशी वागावं तशी. तो मऊपणा मला मिळायचा आणि त्याची किंमत तिकडे अनघा मोजायची: बंद दारं, न खाल्लेली ताटं, ‘तू बाबाला विचारलंही नाहीस’. हे मला माहीत होतं. तरी मी तो मऊपणा घेत राहिलो. मग तिचं येणं कमी झालं, कारण ‘उद्या-परवा येतो तिकडे’ म्हणून मी जायचो नाही, आणि सई मोजायला विसरली नव्हती. आता ती एकोणीस वर्षांची आहे, ड्रेस्डेनला शिकते. महिन्यातून एकदा फोन करते. नीट, सभ्य जर्मनमध्ये माझी चौकशी करते.

आणि मी डिस्क खेळतो. बरेचसे रविवार. माझी जर्मन आता चालण्यासारखी आहे. पत्रं मी स्वतःच वाचतो, शब्दकोश घेऊन, तिच्या खुर्चीत बसून. डीटर दोन वर्षांपूर्वी मुलीकडे उत्तरेला गेला. जाताना त्याने त्याचं पानं ओढायचं दाताळं मला देऊन टाकलं. पानगळीत मी ते घेऊन सातव्या बानवर जातो, उजव्या बाजूला, आणि पानं ओढतो. लोकांच्या डिस्क सापडतात. मी पोटावरचा नंबर लावतो. “गूटन टाग, मला तुमची डिस्क सापडलीय.” लोक खूश होतात, कुठून बोलताय विचारतात, दोन मिनिटं बोलतात. कधी एखादा म्हणतो, “अरे, ती? चार वर्षं झाली. ठेव तुझ्याकडेच.” काही रविवारी दिवसभरातलं माझं तेवढंच बोलणं असतं. पिवळी मात्र सापडली नाही. पानं कुजतात, प्लास्टिक कुजत नाही. ती तिथेच कुठेतरी आठ वर्षांची पानं अंगावर घेऊन पडलेली असणार. माझा नंबर तिच्यावर आहे म्हणून मी नंबर बदललेला नाही.

परवाच्या रविवारी सकाळी पहिल्या बानवरून निघालो तेव्हा फोन खिशात वाजला. अनघाचा मेसेज होता, कितीतरी महिन्यांनी. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी सई आठवडाभर तिच्याकडे आलीय. ‘काल पुन्हा तेच म्हणाली. बाबाला न सांगता तू घर घेतलंस. आठ वर्षं ऐकतेय. आता नाही ऐकवत. सांग तिला.’

मी सातव्या बानपर्यंत चालत गेलो. एकही डिस्क फेकली नाही. मग खोलगटातल्या एका पडलेल्या खोडावर बसून सईला फोन लावला.

“बाबा? आलेस गूट?” सगळं ठीक ना?

“ठीक आहे. मला तुला काहीतरी सांगायचंय. त्या पत्राबद्दल.”

कोणतं पत्र, असं तिने विचारलं नाही. माझ्या आजूबाजूला पानं पडत होती आणि तो आवाज तिला फोनवर ऐकू जात असेल का, असं मला वाटत राहिलं.

“येट्स्ट?” आत्ता?

“फोनवर नको.”

आणि मग, आठ वर्षांनी, जरा अडखळत, पत्रातल्यासारख्या सावकाश मराठीत ती म्हणाली, “उद्या-परवा येते मी.”

फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिलो. तिने कुठला उद्या-परवा म्हटला? तिचा की माझा? तिचा असेल तर डार्मश्टाटहून, मानहाइमला गाडी बदलून ती सोमवारी किंवा मंगळवारी येणार. माझा असेल तर कधीच नाही, नुसतं मन राखून म्हटलेलं ‘नाही’. तिला दोन्ही येतात. तिच्याएवढे दोन्ही कुणालाच येत नाहीत.

सोमवारी मी रजा घेतली. घर आवरलं, वरण-भात केला, दारातल्या बाकावर बसलो. ती आली नाही. आज मंगळवार. सकाळपासून बूट घालून बसलोय, पायाखाली वर्तमानपत्र आहे. हे सगळं बसल्या बसल्या लिहितोय, कारण तोंडाने सांगायला लागलो की मी तहान लागली का विचारीन, हे मला माहीत आहे. बारा वाजले. लिहिता लिहिता लक्षात आलं की सांगायचं मला आहे, आणि वाट बघत मी बसलोय. म्हणजे प्रवास याही वेळी तिनेच करायचा. आणि हे ऐकायला अनघाही समोर हवी. आठ वर्षं तिनेही ऐकून घेतलंय.

एक वाजून काही मिनिटांनी डार्मश्टाटकडची गाडी आहे. मघाशी सईला मेसेज केला. शब्द दोनच, देवनागरीत: ‘आज येतो.’

उत्तर लगेच आलं. जर्मनमध्ये, एका शब्दाचं, पुढे प्रश्नचिन्ह. एश्ट?

हे कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवतोय. बूट पायातच आहेत.